चेटकिणीचे हातमोजे

परवा सकाळी नातू आंघोळीला जाईना. पाणी निवायला लागलं तसं मी घरातलं जुनंच हत्यार काढलं, ‘‘आंघोळ न करणाऱ्या पोरांना बागुलबुवा घेऊन जातो हं!’’ पोरगं शांतपणे म्हणालं, ‘‘अज्जी, उलटं आहे. आंघोळ केली तरच चेटकिणीला वास येतो.’’

हे ज्ञान त्याला रोआल्ड डालच्या १९८३ सालच्या ‘द विचेस’ या इंग्रजी पुस्तकातून मिळालेलं. मग दुपारी मीच ते घेऊन बसले. डालचे आईवडील नॉर्वेचे. पुस्तकातली आजीही नॉर्वेचीच, वर चिरूट ओढणारी! आईबाप गेलेल्या नातवाला ती चेटकीण कशी ओळखायची ते शिकवते. डोक्याला टक्कल म्हणून केसांचा टोप, पायांना बोटं नाहीत, नखांऐवजी नख्या म्हणून सदा हातमोजे, थुंकी निळी. बाकी दिसायला चारचौघींसारखी. आणि स्वच्छ मुलाचा तिला कुत्र्याच्या घाणीसारखा वास येतो; अंगावर मळाचे थर असले की येत नाही. म्हणून ती आजी महिन्याला एक आंघोळ पुरे म्हणते. आता सांगा, आमच्यासारख्या आज्यांनी करायचं काय?

आपले बागुलबुवे निदान आईच्या पक्षातले होते. माझ्या माहेरी बागुलबुवा. सासर कन्नड, तिथे गुम्म. दोघेही न जेवणाऱ्या, न झोपणाऱ्या पोरांच्याच मागे. गुम्म तर फार जुना. पुरंदरदासांच्या एका पदात खुद्द बाळकृष्ण यशोदेला विनवतो, की त्याला बोलावू नकोस. सासूबाई ते पद म्हणतच नातवंडांना थोपटायच्या. १९९० च्या सुमाराला कर्नाटकात दारांवर ‘नाळे बा’ लिहायची लाट आली, तेव्हाची चेटकीणही बिचारी इतकी सरळ, की ‘उद्या ये’ वाचून रोज परत फिरायची. डालच्या चेटकिणींना मात्र पोर द्वाड असो की गुणी, सारखंच. शहाणं वागून सुटका नाही.

त्याच संध्याकाळी शेजारची सून स्कूटरवरून आली. आपल्याकडच्या बायका उन्हासाठी घालतात तसे कोपरापर्यंत हातमोजे, तोंडाला स्कार्फ. नातवाला कुंदा द्यायला तिनं हात पुढे केला आणि हे किंचाळून माझ्या पदरामागे. ती हसली, पण तोंड उतरलं. तिला मूल नाही.

मला एकदम आमच्या गल्लीतली म्हातारी आठवली. एकटी राहायची. मी जेवत नसले की आई तिच्याच दाराकडे बोट दाखवायची, ‘‘ती बघ, आली.’’ आम्ही पोरं तिच्या दारावर खडे मारून पळायचो. एकदा पळताना मी पडले, गुडघा फुटला. तिनंच उचललं, घरात नेऊन हळद दाबली. मी तिच्या हातात ओरडत होते. घरी आल्यावर सांगितलं, तिनं मला धरून आत ओढलं. त्या रात्री आमच्या घरची माणसं तिच्या दारात जाऊन नाही नाही ते बोलली. मी आतून ऐकत होते. गुडघ्यावरची हळद कुणी लावली, ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पुढं कितीदा तिच्या दारावरून गेले, पण सांगायचं ते राहूनच गेलं. आईलासुद्धा नाही. आज पहिल्यांदाच लिहितेय.

दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन शेजारी गेले. म्हटलं, ‘‘याला जरा हात दाखव गं.’’ तिनं दाखवले. त्यानं दहाही नखं नीट तपासली. मग चप्पल काढायला लावून पायाची बोटं मोजली. वेणी ओढून बघू का, म्हणाला. तीही तिनं ओढू दिली.

‘‘आणि थुंकी?’’

बिचारी बेसिनकडे गेली. कुंदा त्यानं त्यानंतरच खाल्ला.