अंगठा न मागणारे द्रोणाचार्य

चिवड्याला चव येते ती दाण्याखोबऱ्याने. पण घास पोटात गेला की नाव निघते चिवड्याचेच! संगीताच्या तबकडीचीही हीच रीत. गाणाऱ्याचे नाव ठळक; मागे बसून कसब ओतणाऱ्या साथीदाराची विचारपूस कोण करतो? म्हणूनच अमेरिकेतील एका बैठकीची गोष्ट सांगावीशी वाटते.

१९७१ च्या ऑगस्टमध्ये ‘निटी ग्रिटी डर्ट बँड’ ही कॅलिफोर्नियातील केस वाढवलेल्या तरुणांची मंडळी नॅशव्हिलला गेली. नॅशव्हिल म्हणजे ‘कंट्री’ संगीताची मोठी पेठ. तिथल्या बुजुर्गांना नि कसलेल्या साथीदारांना एकत्र बसवून त्यांनी तीन तबकड्यांचा संच भरला : ‘विल द सर्कल बी अनब्रोकन’. आधी गिटार भरा, मग त्यावर गाणे चिकटवा, असले शिंपीकाम नाही. साऱ्यांनी मिळून वाजवायचे, आणि तेच उतरवून घ्यायचे.

गिटार एकच, पण घराणी किती! बासष्ट वर्षांच्या मेबेल कार्टरबाई अंगठ्याने खर्जाच्या तारांवर चाल वाजवीत, बोटांनी वरच्या तारांवर ठेका धरीत. मर्ल ट्रॅव्हिसचे उलट. अंगठ्याकडे ठेका, तर्जनीकडे चाल. डॉक वॉटसन लहानपणापासून अंध. हा गृहस्थ फिडलच्या द्रुत चाली नखीने गिटारवर अशा काढी की ऐकणाऱ्याने श्वास घ्यायला विसरावे.

या वॉटसनने ट्रॅव्हिसला दुरूनच ऐकून गुरुस्थानी मानले होते. इतके की, १९४९ साली मुलगा झाला तेव्हा त्याच्या नावात ‘मर्ल’ घातले. गुरुशिष्यांची पहिली भेट मात्र झाली ती या बैठकीत, आणि त्यांचे ते बोलणेही तबकडीत राहिले आहे. आमच्या एकलव्याला अंगठा द्यावा लागला. इथे ज्याची सारी विद्या अंगठ्यात, त्या द्रोणाचार्याने शिष्याकडे काहीच मागितले नाही. शेजारी बसून वाजवले, एवढेच.

आणि ज्युनिअर हस्की? हा माणसाहून उंच बास वाजवणारा. नॅशव्हिलमध्ये इतरांच्या गाण्यांना खालून आधार देण्यात त्याचे आयुष्य गेले. बैठक संपली आणि पुढच्याच महिन्यात तोही गेला. १९७२ मध्ये तबकड्या बाजारात आल्या, त्या ऐकायला तो नव्हता. आजही त्या लावल्या की त्याचा खर्ज कुठेही पुढे पुढे न करता साऱ्यांना सांभाळून घेतो.

मी मराठीचा मास्तर. ‘परंपरा’ हा शब्द वर्गात शंभरदा उच्चारतो. मुले तो निमूटपणे वहीत उतरवतात. पण परंपरा वहीतून पुढे जात नाही. एका पिढीने दुसरीला पाटाला पाट लावून बसवून घ्यावे लागते, आणि त्यासाठी आधी धाकट्यांना थोरांचे दार ठोठवावे लागते. त्या पोरांनी ते ठोठवले, तेही वेळेवर! महिनाभर उशीर होता, तर हस्की भेटला नसता.

आपल्याही आळीत अशी दारे आहेत. दिवाळीच्या निमित्ताने एखादे ठोठवून पाहावे.