किल्ली कुणाकडे?

परवा दुपारी शेजारच्या वहिनी कागद-पेन घेऊनच आल्या. "पंधरा दिवस नळाला पाणी नाही. तुम्ही शाळेत शिकवता, खासदारांना एक कडक अर्ज लिहून द्या बघू!"

अर्ज लिहीन हो, पण पत्ता चुकीचा! आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत कामांच्या तीन याद्या आहेत. संरक्षण, रेल्वे, टपाल संघसूचीत, म्हणजे केंद्राकडे. पोलीस, पाणी, नगरपालिका राज्यसूचीत. लग्न-घटस्फोट समवर्ती सूचीत. तिथे कायदा दोघांनाही करता येतो, पण खटका उडाला तर सहसा केंद्राचाच चालतो. शिक्षणही १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने राज्याकडून याच यादीत आलं.

वहिनी म्हणाल्या, "म्हणजे कोठीची किल्ली सासूबाईंकडे, भाजीचा हिशेब माझ्याकडे!"

अगदी तसं नाही. सासूबाईंच्या मनात आलं तर हिशेबही काढून घेतील. (वहिनी हसल्या, पण थोडंसंच.) इथे याद्या बदलायच्या तर संसदेत खास बहुमत लागतं, शिवाय निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती. केंद्र-राज्याचं भांडण झालंच तर सर्वोच्च न्यायालय आहे.

आणि घरचं पाणी? १९९२ च्या ७४ व्या दुरुस्तीने ते नगरपालिकांकडे सोपवायच्या कामांत घातलं. त्याच दुरुस्तीने तिथे बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या.

तेव्हा अर्ज नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लिहिला. गल्लीतल्या अकरा जणींनी सह्या केल्या. वहिनींनी आधी सासूबाईंची सही घेतली आणि मगच स्वतःची केली.