'नटरंग' : नुसती गाणी नव्हे!

हॉस्टेलवर 'नटरंग' म्हणजे फक्त अजय-अतुलची गाणी! पण रवी जाधव यांचा हा २०१० चा सिनेमा खरं तर अख्ख्या तमाशा फडाचा आहे. विहिरीवर पंप बसतो, मजुरांचं काम जातं (भावी इंजिनिअर्स, ऐका!) आणि गुणा फड काढतो. पांडोबा, नयना, साथीदार, सगळ्यांचं पोट त्यावर. राजा व्हायची हौस असलेला गुणा शेवटी नाच्या होतो, कारण नाच्याशिवाय फड उभाच राहत नाही. त्यात घर, अब्रू सगळं जातं. अतुल कुलकर्णी ते नजरेतून दाखवतो. गॅदरिंगला साडी नेसून नाचणाऱ्या पोट्ट्यावर आपण शिट्ट्या मारतो. मारा की! पण स्टेजवरून उतरल्यावर त्याला चिडवू नका. कलाकाराला दाद द्यायची, डाग नाही.