यंत्राचा विमा, माणसाचे काय?

बेळगावात लहान उद्योजकांच्या कर्जाच्या फायली माझ्या टेबलावर येतात. यंत्राचा विमा आम्ही काटेकोर तपासतो. यंत्रावरच्या माणसासाठी रकानाच नसतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १३ जुने कायदे एकत्र करून कामगार सुरक्षा संहिता लागू झाली. नेमणूकपत्र सक्तीचे झाले, हे उत्तमच. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा १० कामगारांवरून २० वर गेली. म्हणजे १५ जणांचे मशीनशॉप ‘कारखाना’ या व्याख्येतून सुटले. प्रेसखाली सापडलेल्या बोटाला मात्र व्याख्या कळत नाही!

सुरक्षित जागा देण्याची मालकाची जबाबदारी उरतेच. उद्यमबागेत मालकही आपले, कामगारही आपलेच. मराठी मालकांनो, निरीक्षक येवो न येवो, यंत्राचे गार्ड काढू नका.