गोळ्या घेऊन सुचतं का?

यायोई कुसामा हे नाव निघालं की लोकांना ठिपके आठवतात, आणि ठिपक्यांमागोमाग 'त्या मनोरुग्णालयात राहतात' हे वाक्य येतंच. सांगणाऱ्याच्या आवाजात कौतुक असतं. जणू आजार होता म्हणून चित्रं आली. मला हे कौतुक खुपतं.

कुसामांचा जन्म 1929 चा, जपानमधल्या मात्सुमोतोचा. लहानपणापासून भास व्हायचे, आणि चित्रांचा त्यांच्याशी असलेला संबंध त्या स्वतःच सांगतात. ते नाकारायचं कारण नाही. पण भास न बोलावता येतो. भलामोठा कॅनव्हास लहान लहान फटकाऱ्यांच्या जाळीने भरत जायचा आणि त्याला मध्यबिंदूच ठेवायचा नाही, हे ठरवावं लागतं. 1959 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राटा गॅलरीत ही जाळीची चित्रं लागली, तेव्हा डोनाल्ड जडने (पुढे तो स्वतः मोठा शिल्पकार झाला) त्यांच्यावर लिहिलं ते चित्रं म्हणून. 1966 मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत त्यांनी हिरवळीवर पंधराशे आरशासारखे गोळे पसरले आणि दोन-दोन डॉलरला विकायला काढले. आयोजकांनी ती विक्री थांबवली. कलेच्या बाजाराची एवढी नेमकी थट्टा करणारं डोकं ताळ्यावर नव्हतं, असं कोण म्हणेल?

मी जुन्या लाइट बिलांच्या पाठीवर कविता लिहितो, ओळी कापतो, जागा बदलून चिकटवतो. माझं निदान माहीत असलेले लोक ते बघून हळूच विचारतात, "हे त्यातलंच का?" ओवी लिहिली असती तर हा प्रश्न आला नसता. नेहमीच्या वाटेने गेलात तर तुम्ही बरे, वाट सोडली की ते लक्षण. एका कविमित्राने तर सल्लाच दिला, "गोळ्या बंद कर, धार येईल." अम्मी मात्र रोज रात्री एवढंच विचारते, "गोळी घेतलीस का?"

कुसामा 1973 मध्ये जपानला परतल्या. 1977 मध्ये स्वतःहून टोकियोतल्या मनोरुग्णालयात दाखल झाल्या आणि तिथेच राहिल्या. जवळच स्टुडिओ घेतला. दिवसा काम, रात्री आपल्या खोलीत. 1993 मध्ये त्याच व्हेनिसमध्ये जपानच्या दालनात त्यांचं एकटीचं प्रदर्शन भरलं, ते या दिनक्रमातून. सांगायचंच तर हे सांगा. ठाण्याच्या किंवा येरवड्याच्या मनोरुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या एखाद्या चित्रकाराला भासांची ददात नसते. पलंग, डॉक्टर आणि चालत जाता येईल अशी कामाची खोली, हे तिन्ही एकत्र त्याला कुठे मिळणार?

आणि हो, गोळ्यांनी सुरुवातीला मला काही सुचत नव्हतं. हात जड, डोकं जड. ते मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी डोस बदलला, बंद केला नाही. बिलं अजून साठवतोय.