सायटेशन मोजून झाली असतील तर पाणी तपासा!

दरवर्षी ठरावीक दिवसांत व्हॉट्सअॅपवर फोटो फिरायला लागतात. "स्टॅनफोर्डच्या यादीत जगातल्या अव्वल २ टक्के शास्त्रज्ञांत निवड!" हार, शाल, फेटा आणि फ्लेक्स. फ्लेक्सवर शास्त्रज्ञ कोपऱ्यात, पुढारी मध्यभागी.

अभिनंदनाला माझी ना नाही. पण मंडळी, ही 'निवड' नाही. कुठली समिती बसली नाही, कुणी कुणाचं काम वाचून बघितलं नाही. तुमच्या पेपरचा दुसऱ्यानं आपल्या पेपरात उल्लेख केला की झालं एक सायटेशन. ती मोजून, गणित करून लावलेली ही क्रमवारी. उल्लेख का केला, कौतुकानं की चूक दाखवायला, की मित्राला खूश करायला, हे त्या आकड्याला कळत नाही.

बायोकेमिस्ट्रीतलंच उदाहरण घ्या. जगात सर्वाधिक सायटेशन मिळालेला पेपर ऑलिव्हर लॉवरी यांचा, १९५१ चा. ३ लाखांच्या वर सायटेशन! त्यात काय आहे? नमुन्यात प्रथिन किती ते मोजायची रीत. उपयोगी रीत आहे, म्हणून प्रत्येक प्रयोगशाळेनं वापरली आणि उल्लेख केला. हा काही फार थोर पेपर नाही, असं खुद्द लॉवरीच म्हणायचे.

आता आपली माणसं बघा. कमला सोहोनी. माहेरच्या भागवत, दुर्गाबाईंच्या धाकट्या बहीण. १९३३ साली बंगळूरच्या इन्स्टिट्यूटमध्ये सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. बाई हटल्या नाहीत, सत्याग्रह केला, अटी सोसून शिकल्या. १९३९ ला केंब्रिजची पीएच.डी. घेतली, विज्ञानात ती मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. प्रबंध किती पानांचा? अवघ्या ४० पानांचा. बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशीत सायटोक्रोम सी सापडलं. आज आपल्याकडं ४० पानं तर आभार आणि अनुक्रमणिकेतच जातात!

मग परत आल्या. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विद्यार्थ्यांना घेऊन कशावर काम केलं? कडधान्यं, तांदळाचं पीठ, नीरा. गरिबाच्या ताटातल्या गोष्टी. कच्च्या कडधान्यात प्रथिनाचं पचन अडवणारे घटक असतात, ते त्यांनी अभ्यासले. नीरेत जीवनसत्त्वं आणि लोह किती, नीरा आटवून गूळ केला तर त्यातलं किती टिकतं, हे तपासलं. ती आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना, गरोदर बायांना दिली तर तब्येत सुधारते, हे दाखवलं. त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. तरीही संचालकपदासाठी त्यांना ४ वर्षं ताटकळत ठेवलं, ते वेगळंच.

आता ह्या बाईंना सायटेशनच्या तराजूत घाला. लग्नाआधीचे पेपर 'भागवत' नावावर, नंतरचे 'सोहोनी' नावावर. संगणकाला त्या दोन बाया वाटतील! आणि नीरा पिऊन ज्या पोरीचं रक्त वाढलं, ती कुठल्या जर्नलमध्ये उल्लेख करणार?

कुणी म्हणेल, मग प्राध्यापकांचं काम मोजायचंच नाही का? मोजा ना. पण बढतीचे गुण पेपरांच्या संख्येला जोडले आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांचं पीक आलं. २०१८ च्या मे महिन्यात यूजीसीला आपल्याच यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढावी लागली. हा आकडा कुणाच्या फ्लेक्सवर आला का?

आपल्याकडं बघा. मुंढव्याच्या जॅकवेलमधून पुण्याचं वापरलेलं पाणी बेबी कालव्यानं हवेली-दौंडच्या शेतात येतं. मुळा-मुठेचा रंग आपण रोज बघतो. कुरकुंभला केमिकलच्या कंपन्या. गुऱ्हाळं आपलीच. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रॉस टाकतात, साखर मिसळतात, हे लहान पोरालाही माहीत आहे. त्या पाण्यावरच्या पालेभाजीत काय उतरतं? विहिरीत काय झिरपतं? गुळात काय शिल्लक राहतं? हे सगळे बायोकेमिस्ट्रीचेच प्रश्न आहेत. पण त्यावर पेपर लिहिला तर परदेशात कोण उल्लेख करणार? म्हणून त्या वाटेला कुणी फारसं जात नाही. दोष एकट्या प्राध्यापकाचा नाही, बढती ज्यावर मिळते तेच माणूस करणार. आणि सत्कार आपणच करतो की.

तर माझं म्हणणं साधं आहे. पुढच्या सत्काराला शाल द्यायच्या आधी पाहुण्यांना विचारा, आमच्या ५ विहिरींचं पाणी आणि ५ गुऱ्हाळांचा गूळ तपासून द्याल का? निकाल मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. जवळच्या कॉलेजांतल्या एम.एस्सी.च्या पोरांना प्रोजेक्ट लागतोच, तोच द्या. कागदी काम, नमुने गोळा करणं, गाडीचं पेट्रोल आम्ही बघू.

येत्या ग्रामसभेत हा विषय मांडतोय. ज्याची विहीर कालव्यालगत आहे त्यानं खाली कमेंटमध्ये नाव टाका. गुऱ्हाळवाल्यांनीही टाका, चांगला गूळ करणाऱ्याला भ्यायचं कारण नाही.