पाचोळ्याची पोती

फाल्गुन लागला की पुण्यातल्या सोसायट्यांत पहाटेपासून खराट्याचा आवाज सुरू होतो. पिंपळ, देशी बदाम, रेन ट्री सगळे एकदमच मोकळे व्हायला निघालेले. दुपारपर्यंत कंपाउंडच्या कोपऱ्यात ढीग लागतो आणि अंधार पडला की कुणीतरी काडी लावतं. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये दंड ठरवून दिला. ती पावती मी तरी अजून कुणाच्या हातात पाहिलेली नाही.

बरं, जाळायचं नाही असं ठरवणारे उत्साही लोक हा पाला थेट गांडूळखताच्या बेडवर ओततात आणि महिन्याने ‘पाला तसाच आहे हो’ म्हणून कुरकुरतात. राहणारच. गांडुळाला दात नसतात. बुरशी आणि जिवाणूंनी मऊ केलेलं पान त्याला चालतं, करकरीत वाळलेलं नाही. शिवाय वाळक्या पानात कर्ब भरपूर, नत्र जेमतेम. म्हणून पाला आधी भिजवायचा, त्यावर शेणकाला शिंपडायचा, ढीग करून झाकायचा आणि आठवड्याला वरखाली करायचा. आत हात घाला, चटका बसेल. गांडुळं त्या उष्णतेत मरतात, म्हणून घाई नको. साधारण तीन आठवड्यांनी ढीग निवतो, पानं तपकिरी होऊन बोटांत चुरगळतात. मग बेडवर घाला. काही दिवसांनी पिंपळाचं एखादं पान उचलून बघा: मधला गर नाहीसा, शिरांची नुसती जाळी उरलेली, आणि खाली चहापत्तीसारखी विष्ठा.

पानापानांत फरक असतो. गुलमोहर आणि रेन ट्रीची बारीक पानं लवकर संपतात. आंबा, फणस चिवट. ती हाताने चुरून टाकलेली बरी. कडुनिंबाने गांडुळं मरतात असं छातीठोकपणे सांगणारे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. पाँडिचेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी कडुनिंबाच्या पाल्यावरच गांडुळं पोसून दाखवली, तीही चांगली वाढली.

पण पाचोळ्याची खरी किंमत कळते आषाढात. स्वयंपाकघरातला ओला कचरा बारा महिने येतो, वाळका पाला दोनच महिने. पावसाळ्यात खताचा डबा पाझरायला लागतो, चिलटं घोंगावतात, आंबट वास सुटतो आणि शेजारच्या वहिनी दार लावून घेतात. तेव्हा ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर मूठभर कोरडा पाला पसरला की पाणी शोषलं जातं, हवा खेळती राहते. त्या दिवसांत असा पाला शोधूनही मिळत नाही.

तेव्हा या आठवड्यात झाडणाऱ्या मावशींना सांगून चार-पाच पोती भरून घ्या आणि जिन्याखाली कोरड्या जागी ठेवा. गुटख्याच्या पुड्या तेवढ्या आधी वेचून काढा.